अर्धवट राहिलेली शर्यत

मैत्रिणींनो, गोष्ट मार्च महिन्यातली. महिला दिनाला आमच्या गावात बायकांसाठी पाच किलोमीटरची दौड ठेवली होती. आमच्या बचत गटातल्या अकरा जणींची नावं मीच हौसेनं देऊन टाकली. सरावाला मिळाले जेमतेम पंधरा दिवस. त्यातही कुणाकडे पाहुणे, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचं गुडघ्याचं दुखणं. सकाळी सातला सुरू व्हायची दौड सत्कार आणि भाषणं आटपेस्तोवर नऊला सुरू झाली. ऊन चांगलंच चढलं होतं. धापा टाकत, मधे मधे चालत दहा जणी पोचलो. अकरावी मात्र कुठे दिसेना.

आम्ही रस्ता पालथा घातला, दवाखान्यात जाऊन आलो. दुपारी कळलं, की तिसऱ्या किलोमीटरला तिला घेरी आली होती. रस्त्याकडेच्या एका घरातल्या आजींनी तिला ओसरीवर बसवलं, लिंबूपाणी दिलं. जरा बरं वाटल्यावर ती रिक्षा करून मागच्या गल्लीनं घरी निघून गेली. कुणालाही न सांगता. त्यानंतर ती गटाच्या बैठकीला यायचीच बंद झाली. हप्ता मुलाच्या हाती पाठवायची. जमत नव्हतं तर गेलीस कशाला, हे घरच्यांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचं विचारून झालं होतं.

खरं सांगायचं तर चूक माझी होती. पंधरा दिवसांच्या तयारीवर, भर उन्हात तिला धावायला मीच उभं केलं होतं. तिच्या घरी जायचं ठरवलं तेव्हा काय बोलावं ते सुचेना. मग मला आठवली जपानच्या शिझो कानाकुरीची गोष्ट. तोही असाच शर्यत अर्धवट सोडून, कुणाला न सांगता निघून गेला होता. तेही थेट ऑलिम्पिकमधून! आज तीच गोष्ट तुम्हालाही सांगते.

शिझोचा जन्म २० ऑगस्ट १८९१ चा, जपानच्या दक्षिणेकडच्या कुमामोटो प्रांतातल्या एका खेड्यातला. घरचा धंदा तांदळाची दारू गाळण्याचा. मुलगा तब्येतीनं नाजूक. वरच्या वर्गात गेल्यावर शाळा लांब पडली. रोज जाऊन-येऊन बारा किलोमीटर डोंगरवाट. गावातली मोठी मुलं ही वाट पळतच जायची, त्यांच्यामागे हाही पळायला लागला. सुरुवातीला दम लागायचा, मागे पडायचा. हळूहळू श्वास कसा घ्यायचा हे त्याचं त्यालाच उमगत गेलं. त्याला धावायला शिकवलं ते त्या रस्त्यानं. आपल्याकडेही डोक्यावर हंडा आणि पाठीला दप्तर घेऊन मैलोन् मैल चालणाऱ्या मुली काय कमी आहेत? फक्त त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही.

वडील गेल्यावर थोरल्या भावानं त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. १९१० मध्ये शिझो टोकियोच्या उच्च शिक्षक महाविद्यालयात दाखल झाला. तिथले प्राचार्य होते ज्युडो या खेळाचे जनक जिगोरो कानो. विद्यार्थ्यांनी नुसती पुस्तकं घोकू नयेत, मैदानावर उतरावं, असा त्यांचा कटाक्ष. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला जपाननं पहिल्यांदाच खेळाडू पाठवायचे ठरवले, त्यामागेही कानोच होते.

त्यासाठी १९११ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोजवळ हानेदाला निवड शर्यत झाली. अंतर पंचवीस मैल, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर. शिझोच्या पायात होते टाबी, म्हणजे अंगठ्याला वेगळा कप्पा असलेले कापडी जोडे. वाटेतच त्यांचे तळ फाटले. तसाच धावत तो पहिला आला, २ तास ३२ मिनिटं ४५ सेकंदांत. वय वर्षं वीस. हा जगातला विक्रमच म्हणून गाजावाजा झाला. अंतर नेमकं तेवढंच भरलं होतं का, याबद्दल पुढे शंका घेतली गेली. पण त्या वेळी साऱ्या देशाच्या अपेक्षा त्या एका पोरावर येऊन बसल्या. मॅरेथॉनला शिझो आणि कमी अंतराच्या शर्यतींना याहिको मिशिमा, असे जपानचे दोनच खेळाडू ऑलिम्पिकला निघाले. प्रवासखर्चासाठी महाविद्यालयातल्या मुलांनी वर्गणी काढली. गावाकडून भावानं हातभार लावला.

आता तो प्रवास ऐका. जपानहून बोटीनं रशियाच्या व्लादिवोस्तोकला, तिथून सैबेरियातून जाणारी आगगाडी, मग पुन्हा बोट. असं करत सतरा-अठरा दिवसांनी ते स्वीडनला पोचले. गाडी थांबली की फलाटावर पाय मोकळे करायचे, एवढाच काय तो व्यायाम. स्टॉकहोमला पोचल्यावर तिथल्या उन्हाळ्यात रात्र अशी होतच नाही. मध्यरात्रीही उजेड, डोळ्याला डोळा लागेना. जेवण परकं, पोटाला मानवेना. सोबत आलेले प्रशिक्षक स्वतःच क्षयानं आजारी. बारशाला आलेल्या पाहुण्यालाही आपण आधी काय खाल्लंत, झोप झाली का विचारतो. इथे या पोराला ते विचारणारंही कुणी धडसं नव्हतं.

१४ जुलै १९१२. शर्यतीचा दिवस. उत्तर युरोपात सहसा होत नाही एवढा उकाडा, तीस अंशांच्या वर. अडुसष्ट धावपटू निघाले, त्यातले जेमतेम निम्मे पोचले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी दगावला. आधुनिक ऑलिम्पिकमधला स्पर्धेदरम्यानचा हा पहिला मृत्यू.

शिझोनंही सत्तावीस किलोमीटरच्या आसपास धीर सोडला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय कुठे पडताहेत कळेना. रस्त्यालगतच्या सोलेन्टुना गावात पेत्रे नावाचं कुटुंब राहात होतं. त्यांच्या बागेत लोक बसले होते. शिझो तिथे जाऊन कोसळला. त्या घरानं त्याला सरबत दिलं, खायला पाव दिला, आडवं व्हायला जागा दिली. तो गाढ झोपला. जाग आली तेव्हा शर्यत संपून गेलेली. मग त्यानं आगगाडीनं स्टॉकहोम गाठलं. शर्यत सोडल्याची रीतसर खबर मात्र दिली गेली नाही. स्वीडनमध्ये एक दंतकथाच होऊन बसली, की जपानचा एक धावपटू शर्यतीत हरवला, तो अजून धावतोच आहे.

दुसऱ्या दिवशी त्यानं रोजनिशी लिहिली. आयुष्यभराची लाज पदरी पडली, याची खंत तिच्यात आहे. पण अपयश हाच पुढच्या यशाचा पाया ठरेल आणि ही लाज आपण धुऊन काढू, असंही त्यानं त्याच पानावर लिहून ठेवलं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर, हे मला फार आवडतं. लाज वाटली नाही, असं खोटं खोटं त्यानं स्वतःला सांगितलं नाही.

मायदेशी परतल्यावर शिझोनं काय केलं? आधी हरण्याची कारणं शोधली. उन्हाची सवय नव्हती, तर उन्हातच सराव करायचा. तातेयामा नावाच्या समुद्रकाठच्या गावी जाऊन भर उन्हाळ्यात तो वाळूतून, रस्त्यावरून धावू लागला. पहिले काही दिवस थोडंच अंतर, मग अंगाला सवय होईल तसं वाढवत. टोकियोच्या खडबडीत रस्त्यांवर कापडी जोडे टिकत नव्हते, तर टाबी शिवणाऱ्या दुकानदाराला गाठून तळ मजबूत करायला लावले. फाटले की परत त्याच्याकडे. पुन्हा शिवण, पुन्हा धावणं. असं करत करत मॅरेथॉनसाठीचे खास टाबी तयार झाले. पाण्याचंही तसंच. त्या काळी धावणाऱ्यानं पाणी पिऊ नये, घाम गाळून अंग हलकं करावं, असा समज होता. शिझोनंही सुरुवातीला तो प्रयोग करून पाहिला आणि हाल करून घेतले. शरीर मागेल ते त्याला द्यावं, हे तो अनुभवानं शिकला.

१९१४ मध्ये त्याचं लग्न झालं. मुलीचं नाव सुया. आपल्याला शिवणाच्या सुया आठवतील, पण तिकडे हे चांगलं नाव आहे. शिझो इकेबे नावाच्या घराण्यात दत्तक गेला होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो सरावासाठी टोकियोला परतला. सुया मागे कुमामोटोत राहिली, दत्तक घराण्यातल्या सासूबाईंजवळ. सासरचा कारभार, शेतीभाती, पुढे लेकरंबाळं. नवरा पत्रांतून भेटायचा आणि सुट्टीत.

शिझोचं ध्येय होतं १९१६ चं बर्लिन ऑलिम्पिक. तोवर तो पंचविशीत येणार होता. लांब पल्ल्याच्या धावपटूसाठी उमेदीचं वय. सराव असा झाला होता की पदक मिळेलच, असं त्याला जाणणारे म्हणत. आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. बर्लिनचं ऑलिम्पिक झालंच नाही. चार वर्षं घाम गाळून केलेली तयारी तशीच राहिली. मांडव घातलेला आणि लग्नच मोडलेलं, अशातली गत.

इथे दुसरा कुणी असता तर धावणं सोडून मुकाट नोकरीला लागला असता. शिझोनं नोकरी धरली, शिक्षकाची. आता ते मास्तर झाले, तेव्हा त्यांना अहो-जाहो करायला हवं. कानाकुरी मास्तरांच्या ध्यानात आलं होतं, की स्टॉकहोमला आपण हरलो त्याचं एक कारण आपण एकटे होतो. मागे शिकवणारं कुणी नाही, बरोबरीनं धावणारं कुणी नाही. एका धावपटूवर देशाचा भार टाकण्यापेक्षा शंभर धावपटू तयार झाले पाहिजेत.

१९१७ मध्ये क्योटो ते टोकियो अशी पाचशेहून जास्त किलोमीटरची टप्प्याटप्प्यांची दौड झाली. एकानं आपला टप्पा धावायचा आणि अंगावरचा पट्टा पुढच्याच्या हाती द्यायचा. या प्रकाराला जपानीत एकिदेन म्हणतात. शेवटचा टप्पा कानाकुरी धावले. मग १९२० च्या फेब्रुवारीत त्यांच्याच पुढाकारानं टोकियो ते हाकोने डोंगर आणि परत अशी विद्यार्थ्यांची एकिदेन सुरू झाली. पहिल्या वर्षी चारच संघ होते. आज दर वर्षी २ आणि ३ जानेवारीला ही दौड होते. जपानमध्ये घरोघरी नव्या वर्षाचं गोडधोड खात लोक टीव्हीवर ती बघतात. २००४ पासून तिथल्या सर्वांत गुणी धावपटूला कानाकुरींच्या नावाचा करंडक देतात.

१९२० मध्येच बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिम्पिकला कानाकुरी पुन्हा मॅरेथॉनला उभे राहिले. वय आता एकोणतीस. या वेळी ऊन नव्हतं, उलट थंडी आणि पाऊस. त्यांनी शर्यत पूर्ण केली, सोळावे आले. आणि गंमत बघा, त्याच शर्यतीत एकोणिसावा आलेला धावपटू आपल्याकडचा होता, बेळगावचे फडेप्पा चौगुले! पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानं भारताचे मोजके खेळाडू त्या वर्षी अँटवर्पला गेले होते. बेळगावचा गडी आणि कुमामोटोचा मास्तर एकाच चिखलातून धावले. दोघांनाही पदक नाही, पण दोघंही शेवटपर्यंत पोचले.

त्या प्रवासात कानाकुरींनी युरोपातल्या बायका-मुली मैदानावर खेळताना पाहिल्या. परत आल्यावर त्यांनी टोकियोतल्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली. मुलींसाठी टेनिसच्या आणि धावण्याच्या स्पर्धा भरवल्या. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! पायघोळ कपड्यांत वावरणाऱ्या मुलींना त्यांनी मैदानावर आणलं. उद्याच्या आया धडधाकट हव्यात, असा त्या काळचा विचार त्यात होता. आपण आज म्हणू, आई होवो न होवो, बाईनं स्वतःसाठी धडधाकट असावं. पण दार उघडलं, हे महत्त्वाचं.

१९२४ मध्ये पॅरिसला ते शेवटचं ऑलिम्पिक धावले. वय तेहतिशीला टेकलेलं. बत्तीस किलोमीटरच्या सुमारास तीही शर्यत सोडावी लागली. म्हणजे तीन ऑलिम्पिक, त्यातल्या दोन शर्यती अर्धवट, एक सोळावा नंबर. पदक एकही नाही. हिशेबाच्या वहीत बघायला गेलं तर हाती काय लागलं? तरीही आज जपानमध्ये त्यांना मॅरेथॉनचे जनक म्हणतात, कारण त्यांनी धावण्याचा रस्ता दुसऱ्यांसाठी तयार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये त्यांच्या नावानं कुमामोटोत मॅरेथॉन सुरू झाली. पुढे तीच फुकुओकाची जगप्रसिद्ध शर्यत झाली.

मी ही सगळी कहाणी माझ्या मैत्रिणीला सांगत होते, तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. तिनं मधेच विचारलं, की हा धावत होता तेव्हा घर कोण बघत होतं? बाईचा प्रश्न! मी सुयाचं सांगितलं. वर्षानुवर्षं तिनं एकटीनं रेटलं तेव्हा कुठे यांचा सराव चालला. पुढे ते सगळे काही वर्षं एकत्र टोकियोत राहिले आणि १९३० नंतर गावाकडे परतले. धीरानं केलेल्या सरावाची गोष्ट सांगताना सुयाचा धीर वगळला, तर ती गोष्टही अर्धवटच राहील. तिच्या नावानं करंडक नाही. पण बाईला धावायचं असेल, तर तिच्यामागेही घरात असं कुणीतरी हवं. सकाळचा चहा एखाद्या दिवशी नवऱ्यानं केला, डबा मुलीनं भरला, तर काही आभाळ कोसळत नाही.

आता शेवटचा भाग. १९६७ साली स्टॉकहोम ऑलिम्पिकला पंचावन्न वर्षं होत आली म्हणून स्वीडनच्या ऑलिम्पिक समितीनं समारंभ ठेवला. त्यांना आपला तो हरवलेला धावपटू आठवला. पंचाहत्तर वर्षांच्या कानाकुरींना बोलावणं गेलं. मार्च १९६७ मध्ये अंगात कोट घातलेले कानाकुरी आजोबा त्याच स्टॉकहोमच्या मैदानात थोडं अंतर धावले आणि शेवटची फीत त्यांनी छातीनं तोडली. वेळ जाहीर झाली, ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २० सेकंद. जगातली सर्वांत संथ मॅरेथॉन! प्रवास लांबचा झाला, वाटेत लग्न झालं, सहा मुलं आणि दहा नातवंडं झाली, असं ते मिश्कीलपणे म्हणाले. त्या मुक्कामात ते पेत्रे कुटुंबाच्या पुढच्या पिढीलाही भेटून आले. ज्या घरात आपण हरून झोपी गेलो, त्या घरी पंचावन्न वर्षांनी पुन्हा जायला मन किती स्वच्छ हवं!

१३ नोव्हेंबर १९८३ ला, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं, तोच १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. २००० मध्ये नाओको ताकाहाशी आणि २००४ मध्ये मिझुकी नोगुची या जपानी मुलींनी तिथलं सुवर्णपदक नेलं. मुलींच्या शाळेतल्या मास्तरांना ते बघायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

मैत्रिणींनो, पहिल्या फेरीत हरलं की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर कायमचं सोडून देतो, नाहीतर दुसऱ्याच दिवशी ईर्ष्येनं दुप्पट करायला जातो आणि पाय मोडून घेतो. धावणंच कशाला, शिवणक्लास असो, बँकेचं काम असो, चाळिशीत दिलेली बारावीची परीक्षा असो, सगळीकडे हेच. कानाकुरींनी यातलं काहीच केलं नाही. कुठे चुकलं ते बघितलं, तेवढंच दुरुस्त केलं आणि रोज थोडं थोडं चालू ठेवलं.

आमच्या गटानंही आता तसंच ठरवलंय. आठवड्यातून चार दिवस, सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. आधी महिनाभर नुसतं चालायचं. मग पाच मिनिटं चालणं, एक मिनिट हळू धावणं. शेजारणीशी बोलता येईल इतकाच वेग. बोलता येत नसेल तर वेग कमी करायचा. निघण्याआधी पाणी प्यायचं, सोबतही ठेवायचं. चपला घालून धावायचं नाही. शुगर, बीपी असेल तिनं आधी डॉक्टरांना विचारायचं. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून भरपाई करायची नाही. आणि मुख्य म्हणजे कुणी मधेच थांबली, तर तिच्याजवळ एकीनं थांबायचं.

माझी मैत्रीण त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या सोमवारी मात्र सहाला कॅनॉलच्या रस्त्यावर उभी होती, मुलाचे बूट घालून. पुढच्या मार्चमधल्या दौडीत ती धावेल की नाही, ते तिनं अजून ठरवलेलं नाही आणि आम्हीही विचारत नाही. आमची फेरी आता त्या आजींच्या घरापर्यंत असते. परवा तीच पहिल्यांदा आमच्या पुढे होऊन ओसरीवर गेली. आजींनी तिला ओळखलं आणि लिंबूपाणी करायला आत वळल्या.